संघ विरळ का झाला?

(वाशीम येथे जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या बैठकीपुढे कापसाचे भाव आहेत, पीककर्ज आहे, पीकविमा आहे. त्यावर बोलायचंच आहे. पण त्याआधी एक विषय आम्ही मुद्दाम वर घेतला आहे. तो विषय मनाचा. सभेत हा विषय निघत नाही. निघतो तो तेरवीच्या मांडवात. तिथं जो तो म्हणतो, 'परवा तर चांगला बोलला होता, काही कळलंच नाही.' कळलं नाही, कारण कोणी विचारलं नव्हतं.

शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या चिलगव्हाणच्या एका शेतकरी कुटुंबानं १९ मार्च १९८६ रोजी जीव दिला. २०१७ पासून त्या दिवशी गावोगावचे शेतकरी अन्नत्याग करतात. मधल्या काळात पश्चिम विदर्भात किती गेले याचा आकडा सरकार ठेवतं, आपणही ठेवतो. मागाहून पात्र की अपात्र याचा कागद निघतो. गेलेल्यांची मोजणी नेमानं होते. पण जे अजून आपल्यात आहेत आणि आतून खचले आहेत, त्यांची मोजणी कोण करतो?

हा प्रश्न नवा नाही. अडीच हजार वर्षांपूर्वी एका संघटनेपुढे तो उभा राहिला होता. ती संघटना म्हणजे भिक्खूंचा संघ आणि तिचे नेते गौतम बुद्ध. आम्ही इथं कोणाला दीक्षा द्यायला उभे नाही. समोर माळकरी आहेत, पोहरादेवीला जाणारे बंजारा बांधव आहेत, मुसलमान शेतकरी आहेत, पौर्णिमेला विहारात जाणारे बौद्ध आहेत. ज्याची श्रद्धा त्याच्यापाशी. पण बियाणं शेजाऱ्याच्या शेतातलं असलं तरी आपल्या जमिनीत चालतं का, हे शेतकरी पाहतोच. तसंच या विचाराकडे पाहा.

वैशालीत काय घडलं

ही हकीकत पाली ग्रंथांत नोंदलेली आहे. बुद्ध वैशालीजवळच्या महावनात होते. त्यांनी भिक्खूंना शरीराच्या अशुभाचं, म्हणजे देहातल्या घाणीचं आणि नाशाचं, ध्यान सांगितलं आणि आपण पंधरा दिवस एकांतात गेले. जेवण घेऊन जाणाऱ्या एका माणसाशिवाय कोणी भेटायचं नाही, असं ठरलं होतं. इकडे भिक्खूंना त्या ध्यानानं स्वतःच्या देहाचाच वीट आला. एकामागून एक भिक्खू जीव देऊ लागले.

पंधरा दिवसांनी बुद्ध बाहेर आले. आले आणि त्यांनी आनंदाला पहिला प्रश्न विचारला तो असा, की संघ विरळ का दिसतो? आनंदानं काही लपवलं नाही. जे घडलं ते सांगितलं, आणि पुढं असंही म्हटलं की भगवानांनी दुसरी काही रीत सांगितली तर बरं होईल.

संघटनेचं काम करणाऱ्यांनी यापुढचं नीट ऐकावं. बुद्धांनी 'ते कच्च्या मनाचे होते' असा शेरा मारला नाही. वैशालीच्या आसपासच्या सगळ्या भिक्खूंना त्यांनी सभागृहात बोलावलं आणि दुसरी रीत शिकवली: श्वासाकडे लक्ष देण्याची, आनापानसती. ती समजावताना दृष्टांत दिला तो आपल्या ओळखीचा आहे. उन्हाळ्याच्या शेवटच्या महिन्यात सगळीकडे धूळ उठलेली असते आणि अवकाळी पावसाची एक मोठी सर येऊन ती जागच्या जागी बसवते. मनातल्या वाईट विचारांचं या ध्यानानं तसं होतं. आणि सोबत संघासाठी नियमही झाला. कोणाचा जीव घ्यायचा नाही, मरायला कोणाला मदत करायची नाही, आणि कोणापुढं मरणाची स्तुती करायची नाही.

मरणाची स्तुती म्हणजे काय? 'सुटला बिचारा' ही स्तुती आहे. 'मर्दासारखा गेला' ही स्तुती आहे. सभेत आत्महत्येला बलिदान म्हणणं हीदेखील स्तुतीच आहे. समोर बसलेला एखादा खचलेला माणूस ते ऐकतो आणि मेल्यावर का होईना आपली किंमत होईल, असं मनाशी धरतो. आपली किंमत जिवंतपणी आहे.

पहिला बाण, दुसरा बाण

बुद्धांचा आणखी एक दृष्टांत दोन बाणांचा आहे. माणसाला एक बाण लागतो, त्याचं दुखणं खरं असतं. पण अजाण माणूस त्या दुखण्यावर शोक करतो, कपाळ बडवतो, आणि त्याला जणू दुसरा बाण लागतो. जाणत्या माणसालाही पहिला बाण लागतोच. दुसरा मात्र लागत नाही.

२०१७ साली गुलाबी बोंडअळीनं कापूस खाल्ला, तो पहिला बाण. पेरणीनंतर पावसानं महिनाभर दडी मारली, बाजारात माल नेला की भाव पडले, बँकेनं दारातून परत पाठवलं, हे सगळे पहिले बाण. ते काल्पनिक नाहीत, आणि ते सुटतात त्यामागं धोरण असतं. पण रात्री दोन वाजता डोळा उघडतो आणि मन म्हणतं, 'मीच नालायक. बापानं जमीन राखली, मला राखता आली नाही. घरच्यांवर मी ओझं आहे.' हा दुसरा बाण. आणि तोच जिवाशी खेळतो.

कोणी विचारेल, म्हणजे मन शांत करा आणि भावाचा लढा सोडा, असंच ना? मुळीच नाही. दीघनिकायात कूटदंत नावाच्या सुत्तात बुद्धांनी एका राजाच्या पुरोहिताची गोष्ट सांगितली आहे. राज्यात चोऱ्या-दरोडे वाढले होते. पुरोहित म्हणाला, शिक्षा देऊन हे थांबणार नाही. शेती आणि गुरं पाळणाऱ्यांना बी-बियाणं आणि चारा द्या, व्यापाऱ्याला भांडवल द्या, नोकराला पगार द्या. हे पीककर्जाचं धोरणच झालं. दुःखाचं मूळ नुसतं मनात आहे असं त्या गोष्टीत कुठं नाही. दोन बाणांना दोन इलाज लागतात. पहिल्यासाठी मोर्चा, दुसऱ्यासाठी सोबत.

नशिबाचा हिशेब

आपल्याकडे दुसरा बाण नशिबाच्या भात्यातून येतो. 'मागच्या जन्माचं भोगतोय' असं म्हटलं की विषय संपला. याला सगळ्यांत ठाम उत्तर दिलं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला त्यांनी धम्म स्वीकारला. त्यांचा 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली इंग्रजीत निघाला. आजचं दारिद्र्य हे गेल्या जन्मीच्या कर्माचं फळ, ही कल्पना त्यांनी त्यात नाकारली. सिद्धार्थानं घर सोडलं त्याचं कारणही त्यांनी म्हातारा, आजारी आणि प्रेत दिसलं असं दिलं नाही; शाक्य आणि कोलीय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून तंटा झाला आणि सिद्धार्थानं युद्धाला विरोध केला, असं दिलं. शेताच्या पाण्याचं भांडण! म्हणजे दुःख कुठून सुरू होतं, हे बाबासाहेबांनी आपल्या बांधावर आणून दाखवलं.

शेतीशास्त्रातलं उदाहरण घ्या. कपाशीवर लाल्या येतो तेव्हा आपण झाडाला शिव्या देत नाही. मॅग्नेशियम कमी पडलं का, नत्र कमी पडलं का, पाण्याचा ताण बसला का, हे पाहतो. लाली पानावर दिसते, पण कारण मातीत, पाण्यात, हवेत शोधतो. चार आर्यसत्यांची चालही अशीच आहे: दुःख आहे, त्याला कारण आहे, ते थांबू शकतं, थांबवायला मार्ग आहे. कारण आहे म्हटलं की 'मीच नालायक' याला आधार उरत नाही. मार्ग आहे म्हटलं की उद्याचा दिवस उरतो.

श्वासाचं काम, आणि त्याची मर्यादा

श्वासाची रीत सोपी आहे. पाठ ताठ ठेवून बसा. श्वास आत येतो, बाहेर जातो, एवढंच नाकापाशी जाणा. मन कर्जाकडे पळेल. पळालं की स्वतःवर न चिडता, चुकार वासराला वळवावं तसं परत आणा. दहा मिनिटं पुरेत. विचार येणार, पण 'मी नालायक आहे' हा एक विचार आहे, आला तसा जाईल, एवढं अंतर पडतं. आजारातून उठलेल्या माणसाला नैराश्याचा आजार परत होऊ नये म्हणून इंग्लंड-कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञांनी या रीतीवर उपचार बसवला, आणि ज्यांना तो आजार तीन किंवा अधिक वेळा होऊन गेला त्यांना त्याचा उपयोग होतो, असं २००० सालच्या अभ्यासात दिसलं.

पण मर्यादाही सांगितली पाहिजे. आजार अंगात भरलेला असताना नुसतं ध्यान पुरत नाही. इगतपुरीच्या धम्मगिरीसारख्या केंद्रांत दहा दिवसांचं मौन शिबिर असतं. गंभीर मानसिक आजार असलेल्यांनी तिथं येऊ नये, असं त्या केंद्रांच्याच सूचनांत आहे. वैशालीचा धडा हाच आहे, की चुकीच्या वेळी चुकीचं ध्यान घातक ठरतं. दोन आठवडे झोप नाही, भूक नाही, कामात मन नाही, माणसांत बसणं नको, बारीकसारीक गोष्टीवर रडू किंवा राग, दारू वाढलेली, 'माझ्यामागं घर सांभाळा' अशी भाषा, असं दिसलं तर जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराचा डॉक्टर गाठा. गोळ्या लागल्या तर घ्याव्यात. बीपीची गोळी घेणाऱ्याला कोणी वेडा म्हणत नाही.

नुसता धर्म असून भागत नाही, हे श्रीलंकेनं दाखवलं. तो बहुसंख्य बौद्धांचा देश, तरी १९९५ च्या सुमारास तिथलं आत्महत्यांचं प्रमाण जगातल्या सर्वाधिक प्रमाणांपैकी होतं. तिथल्या सरकारनं सगळ्यांत विषारी कीटकनाशकं टप्प्याटप्प्यानं बंद केली. पुढच्या दहा वर्षांत आत्महत्यांचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं, आणि त्यापायी पिकाचं उत्पादन घटल्याचं अभ्यासात दिसलं नाही. मरणाची लाट बहुधा थोड्या वेळाची असते. ती वेळ निघून गेली, तर माणूस वाचतो.

संघ म्हणजे काय

आता कामाचं. पावसाळ्यात भिक्खू फिरत राहिले तर हिरवं गवत आणि पिकं तुडवली जातात, अशी लोकांनी तक्रार केली आणि त्यातून वर्षावास सुरू झाला. आजही आपल्या भागातल्या विहारांत आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत संध्याकाळी बाबासाहेबांच्या ग्रंथाचं वाचन चालतं. हे तीन महिने म्हणजे आपलाच खरीप: निंदण, डवरणी, फवारणी, ज्वारीच्या कणसात दाणा भरणं. पैसा संपलेला, पाऊस बेभरवशाचा, उधारी वाढलेली. जीव सगळ्यांत जास्त टांगणीला लागतो तो याच दिवसांत. आणि याच दिवसांत विहारात, पारावर, हरिपाठाला माणसं रोज एकत्र बसतात. व्यवस्था तयारच आहे. तिथं एक प्रश्न वाढवायचा आहे: आज कोण आलं नाही?

गावातली साधी माणसं हे काम करू शकतात, याला पुरावा आहे. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा कार्यक्रम झाला. त्यात गावातल्याच लोकांना प्रशिक्षण देऊन बोलायला, ऐकायला, गरज पडल्यास डॉक्टरकडे न्यायला शिकवलं. आधी नैराश्य असलेल्या शंभर माणसांतली जेमतेम ४ मदत घेत होती. कार्यक्रमानंतर ते प्रमाण २७ वर गेलं. जीव द्यावा असं वाटणाऱ्यांचं प्रमाण शेकडा ५.२ वरून २.५ वर आलं. हे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले.

तेव्हा या बैठकीपुढे आम्ही पाच कामं ठेवतो.

एक. प्रत्येक गावात चार जण ठरवा, त्यांत दोन बाया असाव्यातच. घरातला माणूस खचल्याचं आधी बाईला कळतं, आणि ती स्वतः खचली तर कोणालाच कळत नाही. पंधरा दिवसांत जो दिसला नाही, त्याच्या घरी जायचं.

दोन. गेल्यावर उपदेश नको. एक भिक्खू पोटाच्या आजारानं स्वतःच्या घाणीत पडला होता आणि कोणी फिरकत नव्हतं. बुद्धांनी आनंदाला सोबत घेऊन त्याला आपल्या हातांनी धुतलं, आणि मग संघाला सांगितलं की ज्याला माझी सेवा करायची असेल त्यानं आजाऱ्याची करावी. बसा, ऐका, बँकेचे कागद सोबत पाहा, एक दिवस त्याच्या शेतात हात लावा.

तीन. शंका आली तर सरळ विचारा, 'जीव द्यावा असं मनात येतं का?' विचारल्यानं तो विचार मनात पेरला जात नाही. उलट माणूस मोकळा होतो. 'हो' म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका. १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे. २०२२ साली सुरू झाला, फुकट आहे, रात्रंदिवस चालतो, मराठीत बोलतात. पोलिसांची भीती दाखवणाऱ्याला सांगा, की २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा अशा माणसावर तीव्र ताण होता असंच धरून चालतो आणि त्याच्या उपचाराची जबाबदारी सरकारवर टाकतो.

चार. फवारणीची औषधं घरात खाटेखाली ठेवायची नाहीत. कुलपाच्या पेटीत ठेवा, किल्ली दुसऱ्याकडे द्या. गरजेपुरतंच आणा.

पाच. मरणाची स्तुती बंद. आपल्या सभेत, आपल्या फलकावर, आपल्या तोंडी.

वर्षावासाच्या शेवटी भिक्खूंमध्ये पवारणा होते. प्रत्येक जण संघापुढे हात जोडून म्हणतो, माझ्यात काही चुकीचं पाहिलं, ऐकलं असेल किंवा शंका आली असेल तर मला सांगा. दुसऱ्यानं आपल्याला विचारावं म्हणून स्वतःहून दार उघडं ठेवणं, याला धीर लागतो. 'माझं काही बरं चाललेलं नाही' हे वाक्य चारचौघांत बोलता येईल, अशी आपली संघटना झाली पाहिजे.

भावाचा लढा लांबचा आहे. तो लढायला माणसं लागतात. कापसाचे भाव आम्ही तुमच्यापुढं मांडूच. पण आज घरी जाण्याआधी प्रत्येक गावानं आपापल्या चौघांची नावं वहीत लिहून द्यावीत, आणि पुढच्या बैठकीला येताना आपल्या गावातून कोण आलं नाही, ते पाहून यावं.