निकाह, तलाक आणि बायकांचा हक्क

(गांवच्या चावडीपुढें भरलेल्या सभेंत एका शाळामास्तरांनीं केलेलें भाषण)



मुसलमान बायकांच्या लग्नाच्या व तलाकाच्या हक्कांवर मीं बोलावें असें ठरलें आहे. "मास्तर, तुम्ही कुणबी माणूस, तुम्हांला ही पंचाईत कशाला?" असें कोणी विचारील. त्याला माझें उत्तर असें. माझ्या हाताखालीं शिकलेली एक पिंजाऱ्याची लेक लग्न होऊन सासरीं गेली आणि चार वर्षांनीं कडेवर पोर घेऊन बापाच्या दारांत परत आली. नवऱ्यानें तोंडानें तीन वेळां तलाक म्हटलें आणि भावकीनें मान डोलावली. बाप निकाहनाम्याचा कागद घेऊन माझ्याकडे आला. "मास्तर, यांत पोरीचें कांहीं लिहिलें आहे का, तेवढें वाचा," म्हणाला. लिहिलें होतें. मेहरची रक्कम होती व ती दिलेली नव्हती. पण हें त्या पोरीला कोणीं सांगितलेंच नव्हतें!

म्हणून पहिली गोष्ट मुळापासून सांगतों. इस्लामांत निकाह हा करार आहे. सज्ञान मुलीच्या कबुलीवांचून तो होत नाहीं. मेहर ही बापाची नव्हे, काजीची नव्हे, नवरीची मिळकत. ती नवऱ्याच्या अंगावरचें कर्ज आहे; तो मेला तर त्याच्या मिळकतींतून आधीं फेडावें लागतें. विधवेला पुन्हां लग्नाची मोकळीक आहे. आमच्या भटशाहीनें विधवांचीं डोकीं भादरलीं, हें आठवलें म्हणजे या गोष्टीची किंमत कळते. जोतीरावांनीं पैगंबरांवर कविता रचली ती उगीच नव्हे.

मग अन्याय कोठें शिरला? कुराणाची वाट लांबची आहे. नवराबायकोंत बिनसलें तर दोन्हीं घरचा एकेक पंच बसवावा, समेट करावा. तोही न झाला तर इद्दतीची मुदत पाळावी. दिलेली मेहर परत मागूं नये. पुरुषांनीं ही लांबची वाट सोडून एका दमांत तीन तलाकांची आडवाट धरली. हनफी पंडितांनीं तिला पाप म्हटलें, पण तलाक झाला असेंही म्हटलें. पाप पुरुषानें करावें आणि शिक्षा बाईनें भोगावी, हा कुठला न्याय? आणि बाईला सुटायचें असेल तर तिनें खुला मागावा, त्यालाही नवऱ्याची राजीखुशी लागते, नाहीं तर काजी किंवा कोर्ट गांठावें लागतें. एका करारांत दोघे भागीदार, पण कुलुपाची किल्ली एकाच्याच कंबरेला!

हें बदलत नाहीं म्हणणारांनीं इतिहास पाहावा. शंभर वर्षांपूर्वी नकोशा नवऱ्यापासून सुटण्यासाठीं कांहीं बायका धर्मच सोडूं लागल्या. तेव्हां मौलाना अश्रफ अली थानवी यांनीं मालिकी पंथाच्या मतांतून वाट शोधली, आणि १९३९ सालीं कायदा झाला. नवरा चार वर्षें बेपत्ता असला, दोन वर्षें पोटाला घालीत नसला, किंवा छळ करीत असला, तर बाईला कोर्टांतून फारकत मिळूं लागली. मौलवींनींच काढलेली ती वाट होती.

पुढें १८ एप्रिल १९६६ रोजीं हमीद दलवाई यांच्या पुढाकारानें सात मुसलमान बायकांनीं मुंबईस कौन्सिल हॉलवर मोर्चा नेला. अवघ्या सात! २२ मार्च १९७० रोजीं पुण्यास मुस्लिम सत्यशोधक मंडळ निघालें. तें नांव आमच्याच घरचें आहे. १९८५ सालीं इंदूरच्या शहाबानोला सर्वोच्च न्यायालयानें पोटगी दिली. १९८६ च्या कायद्यानें ती आंखडली. २००१ सालीं न्यायालयानें त्याच कायद्याचा अर्थ लावला कीं इद्दतीच्या मुदतींतच बाईच्या पुढच्या आयुष्याची तरतूद केली पाहिजे. २२ ऑगस्ट २०१७ रोजीं एका दमांतला तीन तलाक रद्द ठरला, २०१९ सालीं तो गुन्हा झाला. १० जुलै २०२४ रोजीं न्यायालयानें सांगितलें कीं पोटगीचा सर्वसाधारण कायदा मुसलमान बाईलाही लागू आहे.

म्हणजे त्या पिंजाऱ्याच्या लेकीचें लग्न मोडलेलेंच नव्हतें! परंतु एक शंका मनांत राहते. नवरा तुरुंगांत गेला तर पोराच्या तोंडांत घांस कोण घालणार? आणि महिन्या-महिन्यानें एकतर्फी दिलेल्या तलाकाला हा २०१९ चा कायदा हात लावीत नाहीं. काम अर्धें राहिलें आहे.

आतां हिंदु बांधवांनो, हंसूं नका. आमच्या कुणब्या-माळ्यांत काडीमोड होती, पाट होता, ही आमची माणुसकी. पण १९४६ च्या मुंबईच्या कायद्यापर्यंत आमचा पुरुष हव्या तितक्या बायका करीत होता. आजही आमच्यांत बायको 'टाकतात.' तेथें तीन शब्द तरी लागत. आम्हांला एकही लागत नाहीं. आपल्या डोळ्यांतलें मुसळ आधीं काढा, मग शेजाऱ्याकडे बोट दाखवा.

मुसलमान बांधवांनो, तुम्हांला हात जोडून चार गोष्टी सांगतों. निकाहापूर्वी पोरीला स्वतः विचारा. मेहर नांवाला लिहूं नका, पोटाला पुरेल अशी लिहा व रोख घ्या. तलाकाचा अधिकार बायकोला देण्याची अट करारांत घालतां येते, ती घाला. निकाहनाम्याची एक प्रत पोरीच्या पेटींत ठेवा. आणि वेळ आलीच तर तालुक्याच्या कोर्टांत विधि सेवा समितीकडे जा. बाईला तेथें वकील फुकट मिळतो.

त्या पोरीच्या पोटगीचा अर्ज मीं लिहून दिला. अंगठ्याची शाई पुढें केली तेव्हां ती म्हणाली, "गुरुजी, मला सही येते." तिनें सही केली. तुमच्या पोरींना एवढें तरी येऊं द्या, म्हणजे माझें आजचें बोलणें सार्थकीं लागलें.