सिंथेसायझरच्या सुराला छप्पर

छत्रपती संभाजीनगरच्या शहागंजहून तीसेक किलोमीटरवर वेरूळचं दहावं लेणं आहे. तिथल्या कमानदार छताखाली लावलेला ‘सा’ गळा थांबल्यावरही रेंगाळतो. सिंथेसायझरच्या सुराला असं छप्पर नसतं; तो वायरीतून थेट स्पीकरमध्ये जातो, म्हणून कोरडा वाटतो. ही उणीव डिले आणि रिव्हर्बचं पेडल भरून काढतं. डिले म्हणजे मोजून परतणारा सूर: मिनिटाला 120 मात्रांची लय असेल, तर 500 मिलिसेकंदांचा डिले नेमका पुढच्या मात्रेवर पडतो. रिव्हर्ब म्हणजे असंख्य प्रतिध्वनींचा एकजीव गुंजारव. म्हणून आधी डिले, मग रिव्हर्ब. क्रम उलटला तर अख्खा गुंजारवच पुन्हा पुन्हा उमटतो आणि सूर गढूळ होतो. संथ, धूसर संगीताला तो गढूळपणा शोभतो, हेही मान्य.

कोणी म्हणेल, या पेडलनं कच्चं वादन झाकलं जातं. रिव्हर्बबाबत ते थोडंफार खरं आहे. डिले मात्र चुकलेली मात्रा दोनदा ऐकवतो! आणखी एक: सिंथेसायझरचा सिग्नल गिटारपेक्षा जोरकस असतो, तेव्हा आवाज फाटू नये म्हणून व्हॉल्यूम कमी ठेवूनच सुरुवात करावी. आणि पत्र्याच्या मंगल कार्यालयात, जिथं भिंतीच घुमतात, तिथं रिव्हर्बचं बटण जवळजवळ शून्यावर आणावं.