वस्तीवरचा शिक्का

कल्याणहून कसाऱ्याकडे निघालं की शहाडनंतर आंबिवली येतं. तिथल्या इराणी वस्तीचं नाव आपल्या कानावर येतं ते बहुतेक साखळीचोरीच्या बातम्यांतून. तिथे आरोपी पकडले गेले, पोलिसांवर दगडफेक झाली, हे काही खोटं नाही. मग 'इराणी म्हणजे चोर' म्हटलं तर बिघडलं काय? बिघडतो तो साधा हिशेब. पकडलेल्या चोरांत एका वस्तीतले बरेच असले, म्हणून त्या वस्तीतले बरेच लोक चोर ठरत नाहीत. पुन्हा सांगतो, कारण गफलत इथेच होते: चोरांत वस्तीतले किती, हा एक प्रश्न, वस्तीत चोर किती, हा निराळा. पहिल्याचं उत्तर आपण दुसऱ्याला चिकटवतो आणि शाळेत जाणारी पोरंही त्यात धरतो.

हेच एकदा इंग्रज सरकारने कायदा करून केलं. 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा 1911 च्या सुधारणेनंतर मुंबई इलाख्यातही आला. सोलापूरला तारेच्या कुंपणाआड सेटलमेंट उभी राहिली. हजेरी द्यायची, बाहेर पडायचं तर परवानगी घ्यायची. गुन्हा कोणता? त्या जमातीत जन्माला आलात, हाच! 1952 मध्ये कायदा रद्द झाला, तरी गावात चोरी झाली की पहिला संशय अशाच जमातीतल्या पारध्याच्या पालावर, ही खोड राहिलीच. कैद्यांना जातीवरून कामं वाटणारे तुरुंगातले नियम सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवले ते थेट ऑक्टोबर 2024 मध्ये. या कायद्यातून सुटलेल्या विमुक्त जमातींना जन्मजात गुन्हेगार मानण्यावरही त्याच निकालात ताशेरे आहेत.

कुणी म्हणेल, मग बायकांनी सावध राहायचं नाही का? जरूर राहावं. पण मोटरसायकल अंगावर आली तर मंगळसूत्र सांभाळायचं, चालवणारा कुणीही असो. सावधगिरी कृतीपाशी ठेवावी, आडनावापाशी नको. पत्ता वाचूनच नोकरी नाकारली, खोली नाकारली, तर सरळ वाट आपणच बंद करतो आणि वर म्हणतो, बघा, हे सुधारतच नाहीत! मथळे लिहिणाऱ्यांनाही माझं सांगणं आहे: डोंबिवलीच्या एखाद्या सोसायटीतला माणूस बँकेला बुडवतो, तेव्हा सगळ्या सोसायटीला तुम्ही ठग म्हणता का? आणि ते मथळे ग्रुपवर पुढे ढकलणारे आपण, आपलं बोट कुणी धरलंय? पोलिसांनाही एवढंच सांगतो: तपास माणसाचा व्हावा, वस्तीचा नव्हे.