स्टेअरिंग थरथरतंय? आधी 'कधी' ते बघा



आपल्यातल्या काही जणी आता चारचाकी चालवतात. कुठे गटाची पिकअप भाजी घेऊन बाजारात जाते, कुठे घरचीच जुनी गाडी असते. बाकीच्या वडापच्या जीपनं तालुक्याला जातात. गाडी कुणीही चालवो, आत आपण आणि आपली लेकरं बसलेली असतात. म्हणून आज स्टेअरिंगच्या थरथरीबद्दल बोलू या.

गॅरेजमध्ये गेल्यावर आपण म्हणतो, "दादा, स्टेअरिंग हलतंय, बघा जरा." दादा उभी गाडी बघतात. पण ही थरथर बहुतेक वेळा गाडी पळताना येते, उभ्या गाडीत ती दिसणार कशी? मग अंदाजानं एक पार्ट बदलला जातो, नंतर दुसरा. बिल वाढतं आणि थरथर राहते तशीच. डॉक्टरांना आपण ताप सकाळी येतो की रात्री, थंडी वाजून येतो का, हे सांगतो ना? तसंच गाडीचंही सांगायला हवं. थरथर कधी येते, यावरून दुखणं कुठं आहे याचा बराचसा अंदाज येतो.

पहिला प्रकार वेगावर येणारी थरथर. गाडी ४०-५० ला नीट चालते, ८० च्या आसपास गेली की स्टेअरिंग थरथरायला लागतं आणि वेग कमी केला की थांबतं. ब्रेकचा यात काही संबंध नसतो. अशा वेळी पहिला संशय पुढच्या चाकांच्या बॅलन्सिंगवर घ्यायचा. चाकाचं वजन सगळीकडून सारखं असावं म्हणून रिमला वजनाचे छोटे तुकडे लावलेले असतात. त्यातला एखादा पडला की चाक फिरताना हिसके देतं. आपल्याकडे आणखी एक कारण नेहमीचं आहे, ते म्हणजे चिखल. पावसाळ्यात गाडी शेतरस्त्यानं गेली की रिमच्या आतल्या बाजूला चिखल बसतो आणि वाळून घट्ट होतो. तेवढ्या वजनानंही चाक थरथरतं. म्हणून गॅरेज गाठण्याआधी चाकं आतून स्वच्छ धुऊन बघा. त्यानं थांबलं नाही तर बॅलन्सिंग करून घ्या, ते मशीनवर थोड्या वेळात होतं. खड्ड्यात आपटून रिम वाकली आहे का, तेही तेव्हाच बघायला सांगा.

एक खूण लक्षात ठेवा. हात थरथरत असतील तर बहुधा दोष पुढच्या चाकात असतो. बसायची सीट आणि पायाखालची जागा थरथरत असेल तर मागच्या चाकांकडे बघायचं. आणि गाडी थरथरत नाही, पण एका बाजूला ओढते, तर टायरमधली हवा आणि अलाइनमेंट तपासायची. बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट ही दोन वेगळी कामं आहेत. एकाचे पैसे देऊन दुसऱ्याचं दुखणं बरं होत नाही.

दुसरा प्रकार फक्त ब्रेक दाबल्यावर येणारी थरथर. एरवी गाडी गुळगुळीत चालते, ब्रेकवर पाय ठेवला की स्टेअरिंग हादरतं आणि पायाखालचं पेडलही धडधडतं. इथं संशय पुढच्या ब्रेकच्या डिस्कवर घ्यायचा. डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी लोखंडी थाळी. दोन्ही बाजूंनी ब्रेक पॅड तिला आवळतात, तेव्हा चाक थांबतं. ही थाळी सगळीकडे सारखी जाड राहिली नाही की पॅड एकदा घट्ट, एकदा सैल पकडतात. तोच हिसका आपल्या हातात येतो. थाळी पुरेशी जाड असेल तर मशीनवर घासून सपाट करता येते. पण कमीत कमी जाडी किती हवी हे ठरलेलं असतं. त्याखाली गेली असेल तर ती बदलावीच लागते आणि डावी-उजवी जोडीनंच बदलायची. अशा गाडीत बॅलन्सिंग कितीदा केलं तरी फरक पडणार नाही.

घाट उतरताना सारखा ब्रेक दाबून ठेवला की ब्रेक फार तापतात आणि मग नीट लागत नाहीत. म्हणून घाटात खालच्या गिअरमध्ये उतरा. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करून सोडणारे असतात. ती बचत जिवावर बेतते.

तिसरा प्रकार कमी वेगात, खड्ड्यातून जाताना येणारा. स्टेअरिंग सैल वाटतं, खडखड आवाज येतो. यात टाय रॉड एन्ड, बॉल जॉइंट किंवा चाकाचं बेअरिंग झिजलेलं असू शकतं. फिटरला सांगा, "चाक जॅकवर घ्या आणि माझ्यासमोर हलवून दाखवा." चाक वर-खाली किंवा आडवं धरून हलवलं की ढिलेपणा आपल्यालाही दिसतो. जॅकवरच्या गाडीखाली मात्र आपण कधीही शिरायचं नाही.

आता, गाडी लगेच बाजूला घ्यायची ती केव्हा? पंक्चर काढून किंवा स्टेपनी लावून निघालात आणि नवीनच थरथर सुरू झाली तर तिथंच थांबा. चाकाचे नट सैल असू शकतात. नट समोरासमोरचे आवळायचे आणि ५०-१०० किलोमीटरनंतर पुन्हा एकदा बघायचे. टायरच्या बाजूला फुगा दिसला तरी पुढे जायचं नाही. आतले धागे तुटलेले असतात, टायर केव्हाही फुटू शकतो. थरथर दिवसेंदिवस नव्हे तर मिनिटामिनिटाला वाढत असेल, तरीही थांबा.

वडापमध्ये बसलेल्या बाईनंही हे बोलावं. ब्रेक लागताना गाडी हादरते हे मागं बसूनही कळतं. "भाऊ, ब्रेक दाखवून घ्या," एवढं म्हणायला लायसन्स लागत नाही.

गटाच्या गाडीसाठी एक वही करा. चालवणारीनं त्यात चार गोष्टी लिहायच्या: थरथर किती वेगाला येते, ब्रेकवर येते का, हातात की सीटखाली, आणि कशानंतर सुरू झाली. हे बघताना रस्ता मोकळा आणि सरळ असावा, गाडीत माणसं नसावीत आणि दोन्ही हात स्टेअरिंगवर असावेत. ती वही घेऊनच गॅरेजला जा. "८० ला थरथरतं, ब्रेकवर नाही, चाकं धुतली तरी तसंच आहे," असं सांगितलं की फिटर नेमकं तिथंच बघतो. काम झाल्यावर पैसे देण्याआधी त्याच वेगाला, त्याच रस्त्यावर गाडी चालवून बघा. थरथर गेली असेल तरच हिशेब पुरा करा.