जनरल पेरॉन आणि यमुनेपलीकडची लढाई

(गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा सारांश)



दिल्लीकर मराठी माणसाला पानिपत पाठ असते. पण आपल्या हातून दिल्ली गेली ती यमुनेच्या पलीकडे, पटपडगंजच्या लढाईत. ती कोणाला फारशी आठवत नाही. त्या कथेचा नायक म्हणावा की खलनायक, असा माणूस म्हणजे जनरल पेरॉन.

पिएर पेरॉन हा फ्रान्सच्या एका खेड्यातला. दर्यावर्दी म्हणून आला आणि महादजी शिंद्यांच्या कवायती फौजेत डी बॉयनच्या हाताखाली चढत गेला. १७९२ साली कनौडच्या, म्हणजे आजच्या महेंद्रगडच्या, वेढ्यात त्याने एक हात गमावला. १७९५ साली खर्ड्याला तो आपल्या बाजूने लढला. पुढच्याच वर्षी डी बॉयन मायदेशी परतला आणि सारी फौज पेरॉनकडे आली. अलीगढला त्याचे ठाणे होते. दुआबाचा वसूल त्याच्या हाती, शिपायांचा पगारही त्याच्याच हातून. तलवार आणि तिजोरी दोन्ही एकाच परक्या माणसाकडे! माझ्या मते दौलतराव शिंद्यांची खरी चूक ही.

१८०३ साली इंग्रजांशी युद्ध जुंपले. दौलतरावांनी पेरॉनच्या जागी अंबाजी इंगळ्यांना नेमायचे ठरवले होते आणि हाताखालचे अधिकारीही त्याच्यावर उलटले होते. ऐन युद्धात त्याने नोकरी सोडून इंग्रजांचा आश्रय घेतला. ४ सप्टेंबरला अलीगढ पडले. ११ सप्टेंबरला बुर्कँच्या हाताखालची फौज जनरल लेकशी पटपडगंजला लढली आणि हरली. तीन दिवसांनी बुर्कँही शरण गेला. वृद्ध बादशहा शाहआलम शिंद्यांच्या छायेतून इंग्रजांच्या छायेत गेला.

पण गोष्ट इथे संपत नाही. १ नोव्हेंबरला अलवरजवळ लासवारीला उरलेल्या पलटणी पुन्हा उभ्या राहिल्या. फ्रेंच अधिकारी निघून गेले होते. तरी गोलंदाज मरेपर्यंत तोफांपासून हलले नाहीत. खुद्द लेकने त्यांचे शौर्य मान्य केले. फ्रेंच अधिकारी असते तर निकालाची खात्री देता आली नसती, असेही त्याने कळवले. म्हणजे पेरॉनची विद्या खरी होती. उणी पडली ती निष्ठा.

पेरॉन १८३४ साली फ्रान्समध्ये, स्वतःच्या गढीत, सुखाने वारला. नोएडाच्या गोल्फ कोर्समध्ये या लढाईचा स्तंभ आहे, तो जिंकणाऱ्यांचा. तोफांपाशी पडलेले ते शिपाई बहुतेक याच उत्तरेतले, हिंदू आणि मुसलमान, मराठी थोडेच. तरी ते शिंद्यांच्या निशाणाखाली पडले. त्यांची नावे कुठेच नाहीत. त्या रस्त्याने रोज ऑफिसला जाताना आपण एकदा तरी मनातल्या मनात हात जोडावेत, एवढीच विनंती.

गणपती बाप्पा मोरया!