बाजूच्या सीटवरून

(सोसायटीच्या रौप्य महोत्सवी स्नेहमेळाव्यात एका ज्येष्ठ सभासद भगिनीने केलेले भाषण)



माझ्या आधी कोणी इमारतीच्या पायाभरणीवर बोललं, कोणी पाण्याच्या टाकीवर. मला सचिवसाहेबांनी सांगितलं, "बाई, विषय तुमच्या मनाचा, फक्त दहा मिनिटांत आटपा." तर मी गाड्यांवर बोलणार आहे. हसू नका. मला गाडी चालवता येत नाही हे सगळ्यांना माहीत आहे. पण बाजूच्या सीटवर बसायचा अनुभव म्हणाल, तर या मंडपात माझा नंबर पहिला लागेल.

आपण इथे राहायला आलो तेव्हा आवारात चारचाकी एकच होती. बाकी स्कूटर, लुना आणि सायकली. आज पार्किंगमध्ये रेषा आखाव्या लागतात, आणि आमसभेतली निम्मी भांडणं त्या रेषांवरूनच होतात. म्हणजे विषय काही अगदीच परका नाही.

आमच्या घरी पहिली आली ती मारुती 800, तीही सेकंडहँड. पेढे वाटले, नारळ फोडला, आरशाला लिंबू-मिरची बांधली. त्यानंतर महिन्याभरात जळगावला भाच्याचं लग्न निघालं. आम्ही दोघं, दोन मुलं, सासूबाई, आणि डिकीत आहेराची पातेली. राजूर घाट उतरायला लागलो आणि अर्ध्यात हे म्हणाले, "ब्रेक मऊ लागतोय." आवाज अगदी शांत होता, पण कपाळावर घाम मला दिसत होता. यांनी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकली, मग पहिल्या. इंजिन ओरडलं, वेग उतरला, आणि वळणाच्या अलीकडे डोंगराच्या बाजूला मुरमाचा ढीग होता त्याला गाडी टेकवली. पातेल्यांचा आवाज एवढा झाला की सासूबाईंना वाटलं गाडी फुटली.

मागून येणारा एक ट्रकवाला थांबला. त्याने चाकाला हात लावायचाही प्रयत्न केला नाही, नुसता वास घेतला आणि म्हणाला, "भाऊ, अर्धा तास बसा, थंड होऊ द्या. अन् ज्या गिअरमध्ये घाट चढता, त्याच गिअरमध्ये उतरत जा." उतारावर गाडीचं सगळं वजन एकट्या ब्रेकवर पडलं की तो तापतो, आणि तापला की धरत नाही. गिअर लहान असला की निम्मं काम इंजिन करतं. एवढं साधं शास्त्र. त्या माणसाचं नाव आम्ही विचारलंसुद्धा नाही. पण आमच्या घरात आज नातवालाही ते वाक्य पाठ आहे.

दुसरा प्रसंग बोथा घाटातला. खामगावहून संध्याकाळी परत येत होतो. ज्ञानगंगा अभयारण्यातला रस्ता तुम्हाला माहीतच आहे. टिपेश्वरहून हजारो किलोमीटर चालत आलेला वाघ 2019 मध्ये याच जंगलात मुक्कामाला होता. आम्हाला वाघ नाही दिसला, रोही दिसली. दिसली म्हणजे थेट बॉनेटवरच आली. काचेची जाळी झाली, एक दिवा गेला. रोही उठली, आमच्याकडे एकदा पाहिलं आणि झाडीत निघून गेली. आमच्यातही कोणाला ओरखडा नाही, कारण गाडी चाळीसच्या वर नव्हती आणि पुढच्या दोघांनी पट्टे लावलेले होते. नंतर फॉरेस्टमधल्या एका ओळखीच्यांनी सांगितलं की एक रोही रस्ता ओलांडून गेली म्हणजे रस्ता मोकळा झाला असं समजायचं नाही. तिच्यामागे दुसरी असतेच.

तिसरा प्रसंग तुम्हाला सांगायची गरज नाही, कारण त्याचा पुरावा गेटवर उभा आहे. तो डावीकडचा खांब थोडा तिरका का आहे असं नवीन भाडेकरू विचारतात. आमचा धाकटा सुटीत गाडी शिकत होता, तेव्हा रिव्हर्स घेताना त्याने तो तिरका केला. दोन पोती सिमेंट आणि सचिवसाहेबांचं एक पत्र, एवढ्यावर भागलं. आपण सगळे त्यावर खूप हसलो.

पण त्यातली एक गोष्ट आज मुद्दाम सांगते. त्याच्या मिनिटभर आधी त्या खांबापाशी शेजारच्यांचं चार वर्षांचं पोर तीनचाकी सायकल घेऊन उभं होतं. गाडीच्या मागे एवढं लहान मूल आरशात दिसत नाही. आपल्या तेव्हाच्या वॉचमनकाकांनी त्याला सायकलसकट उचलून ओट्यावर ठेवलं. ते पोर आज इंजिनीअरिंगला आहे आणि इथेच कुठेतरी मागे बसलेलं आहे. काका आता गावी असतात. आज सत्कारांची यादी वाचली गेली त्यात त्यांचं नाव नव्हतं, म्हणून मी इथून त्यांना हात जोडते.

आता चौथा. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा 11 डिसेंबर 2022 ला सुरू झाला. आपल्या जिल्ह्यातून, मेहकर आणि सिंदखेडराजाकडून तो जातो. सगळ्यांसारखं आम्हालाही कौतुक. पुढच्याच मे महिन्यात थोरला आम्हाला नागपूरहून घेऊन येत होता. मागे मी, सासूबाई आणि नात. थोरल्याचा नियम असा की मागच्यांनीही पट्टा लावायचा. सासूबाई चिडल्या, "मले बांधून कायले ठेवतं रे? मी का बैल हाये?" तो म्हणाला, "आजी, तू बैल नाहीस, पण पट्टा लावल्याशिवाय मी गाडी हलवत नाही."

मेहकरच्या अलीकडे मागचं टायर फुटलं. बंदुकीसारखा आवाज झाला आणि गाडी डोलायला लागली. थोरल्याने ब्रेक दाबला नाही. पाय ॲक्सिलरेटरवरून काढला, स्टिअरिंग दोन्ही हातांनी सरळ धरून ठेवलं आणि गाडी आपोआप मंदावू दिली. तेवढ्या वेळात आम्ही तिघी पट्ट्यात दोनदा आपटून परत जागेवर आलो. पट्टे नसते तर कोण कुठे जाऊन पडलं असतं, ते मनात आणवत नाही. ही नुसती माझी भीती नाही. 4 सप्टेंबर 2022 ला पालघर जिल्ह्यात उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या मोटारीला अपघात झाला. मागे बसलेले दोघे गेले, त्यांनी पट्टे लावलेले नव्हते. पुढचे दोघे वाचले. गाडी महागातली होती, तरीही.

आमच्या टायरला नक्षी चांगली होती, वय मात्र झालं होतं. टायरच्या कडेवर चार आकडे असतात. 2319 असेल तर 2019 सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेलं. घरी गेल्यावर आपापलं बघा. आणि उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी असं आपल्याकडे म्हणतात ते उलटं आहे. कमी हवेचं टायर जास्त दबतं आणि जास्त तापतं. हवा कंपनीने सांगितली तेवढीच ठेवायची, आणि टायर थंड असताना तपासायची.

आम्ही सुखरूप आलो. सासूबाईंनी शेगावला जाऊन नारळ वाढवला.

आणि मग 1 जुलै 2023 ची पहाट आली. त्याच रस्त्यावर, सिंदखेडराजा तालुक्यात पिंपळखुट्याजवळ, नागपूरहून पुण्याला निघालेली खाजगी बस धडकून उलटली आणि पेटली. बसमध्ये 33 जण होते. 25 जण गेले. ओळख पटवणं अशक्य झालं, म्हणून बहुतेकांवर आपल्या बुलढाण्यातच सामूहिक अंत्यसंस्कार झाले. तो दिवस इथल्या कोणाच्याही विस्मरणात गेलेला नाही.

त्या दिवशी सासूबाई जेवल्या नाहीत. संध्याकाळी म्हणाल्या, "त्यायच्या घरच्यायनं बी निंगताना देवाले हात जोडलेच असतीन ना वं." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. आपण वाचलो ते आपलं पुण्य मोठं म्हणून, असं त्या दिवसापासून आमच्या घरात कोणी म्हणत नाही. देवाचे आभार आम्ही मानतोच, पण त्यासोबत बाकीच्यांचाही हिशेब ठेवतो. घाटात ट्रकवाल्याचं वाक्य होतं. जंगलात कमी वेग होता. गेटवर वॉचमनकाका होते. समृद्धीवर एक पट्टा आणि एक हट्टी नातू होता. हे ऋण नारळाने फिटत नाही. दुसऱ्यासाठी तेच करावं लागतं.

म्हणून या पंचविसाव्या वर्षी माझ्या चार मागण्या आहेत, आमसभेत मांडायलाही मी तयार आहे.

आवारात गाडी चालण्याच्या वेगानेच चालावी, आणि रिव्हर्स घेण्याआधी चालवणाऱ्याने उतरून मागे एकदा बघावं.

मागच्या सीटवर पट्टा लावायचा. नियमही तसाच आहे आणि न लावल्यास हजार रुपये दंड आहे. पण दंडासाठी नको, आजीसाठी लावा.

आपल्यापैकी कितीतरी घरची मुलं पुण्याला शिकतात, नोकरी करतात आणि रात्रीच्या ट्रॅव्हल्सने जातात. त्यांना बसवून देताना डबा दिला का विचारतो, तसंच संकटकाळी बाहेर पडायचं दार कुठे आहे आणि काच फोडायची हातोडी कुठे आहे हेही पाहायला सांगा. त्या रात्री वाचलेल्या आठ जणांपैकी काही जण काच फोडूनच बाहेर आले होते.

आणि रस्त्यात कोणाचा अपघात दिसला तर थांबा. 108 ला फोन करा. मदत करणाऱ्याला पोलीस त्रास देतील ही जुनी भीती आता सोडा. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात 134-अ हे कलम आलं आहे. चांगल्या हेतूने मदत करणाऱ्यावर त्यामुळे दावा लावता येत नाही, आणि नाव सांगायची सक्तीही करता येत नाही. आमच्या ट्रकवाल्यानेही नाव सांगितलं नव्हतं.

दहा मिनिटं झाली, सचिवसाहेब घड्याळ दाखवताहेत. आज बाहेरगावाहून आलेले पाहुणे जेवून रात्रीच निघणार असं ऐकलं. माझं ऐका, मुक्काम करा. गाद्या आमच्याकडे आहेत, सकाळी चहा घेऊन उजेडात निघा.