निर्णय अम्मीचा होता



मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आज आमच्या घरात घडलेलं सांगणार आहे, अम्मीची परवानगी घेऊन.

वयाच्या ५६व्या वर्षी अम्मीची पहिली मॅमोग्राफी झाली. रिपोर्टवर लिहिलं होतं, ‘बाय-रॅड्स ३’. या वर्गात कॅन्सर निघण्याची शक्यता २ टक्क्यांपेक्षा जास्त नसते. म्हणून लगेच सुई न लावता ६ महिन्यांनी पुन्हा तपासतात. सल्ला योग्यच होता, पण आम्ही गेलो अकराव्या महिन्यात. ऑफिसचा सर्व्हर बंद पडला तर रात्री दोन वाजताही माझा फोन वाजतो. अम्मीच्या तारखेसाठी मी साधा अलार्म लावला नव्हता. लक्ष ठेवणं वेगळं आणि विसरून जाणं वेगळं, हे मी तेव्हा शिकले.

दुसऱ्या रिपोर्टवर ‘४ ए’ आलं. म्हणजे शक्यता २ ते १० टक्के, आणि बायोप्सीचा सल्ला. घरात बैठक बसली. अब्बा म्हणाले, आणखी सहा महिने पाहू. मामू म्हणाले, सुई लागली की कॅन्सर पसरतो. धाकट्या भावाचा निकाह दोन महिन्यांवर होता. तो म्हणाला, तेवढा होऊ दे. मी सगळ्यांना आकडे समजावत होते. अम्मी आत चहा करत होती. तिला कुणी विचारलंच नाही. मीही नाही.

डॉक्टरबाईंनी मात्र थेट तिलाच विचारलं, “ताई, तुम्हाला काय वाटतं?” अम्मीचे दोनच प्रश्न होते. दुखेल का? आणि थांबले तर काय? त्यांनी सांगितलं, जागा बधिर करून, सोनोग्राफीवर बघत सुईनं छोटा तुकडा घेतात; त्याच दिवशी घरी जाता येतं. सुईनं रोग पसरतो या भीतीत तथ्य नाही. अशा शंभर जणींपैकी किमान नव्वद जणींना कॅन्सर नसतो, पण उरलेल्या कोण हे नुसत्या फोटोवरून कळत नाही.

अम्मी म्हणाली, “सहा महिने धास्तीत काढण्यापेक्षा एक सुई परवडली.”

गाठ साधी निघाली. तशी निघाली नसती, तरीही निर्णय बरोबरच होता.

तेव्हा घरी गेल्यावर रिपोर्टवरचा वर्ग डॉक्टरांकडून समजून घ्या. ३ असेल तर तारीख पाळा, ४ असेल तर चालढकल करू नका. आणि जिचं शरीर आहे, तिला बैठकीत बसवा. चहा कुणीही करू शकतं.